साहेब म्हणाले, ‘आयएसओ करून टाका’

पत्र : आमची कंपनी धातूचे सुटे भाग बनवते. सत्तरेक माणसं, दोन पाळ्या. आमच्या एका मोठ्या ग्राहकाने कळवलंय की पुढच्या वर्षापासून आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणपत्र नसलेल्या पुरवठादाराला नवीन ऑर्डर मिळणार नाही. मालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, ‘हे तुम्ही बघा, आयएसओ करून टाका.’ मी गुणवत्ता विभाग सांभाळतो, हाताखाली दोन निरीक्षक आहेत. एक सल्लागार येऊन गेले. मॅन्युअल, कार्यपद्धती, फॉरमॅट असा सगळा संच त्यांच्याकडे तयार आहे, कंपनीचं नाव बदललं की झालं. तीन महिन्यांत प्रमाणपत्रही तेच मिळवून देतील म्हणतात. शॉपवरची, म्हणजे मशीनवर काम करणारी, माणसं आत्तापासूनच कुरकुरतायत की आता काम सोडून कागद भरायचे. सुरुवात कुठून करू? वेळ किती धरू? पर्यावरण आणि सुरक्षा ही दोन प्रमाणपत्रंही एकदमच घ्यावीत असं मालकांच्या मनात आहे, ते जमेल का? आणि ऑडिटमध्ये नापास झालो तर?
— एक गुणवत्ता प्रमुख

उत्तर :

तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या आधी मला मालकांच्या त्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. ‘हे तुम्ही बघा’ असं म्हणून ही जबाबदारी खाली सोपवता येत नाही. ९००१ च्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ‘मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह’, म्हणजे व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, नेमण्याची अट होती आणि पुष्कळ कंपन्यांत सगळं ओझं त्या एका माणसाच्या खांद्यावर जायचं. २०१५ च्या आवृत्तीने ती अट काढून टाकली. व्यवस्था परिणामकारक चालते की नाही याचं उत्तर सर्वोच्च व्यवस्थापनानेच द्यायचं, असं पाचव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. ऑडिटर मालकांसमोर बसून त्यांनाच प्रश्न विचारणार. तेव्हा ‘ते आमचे गुणवत्ता प्रमुख सांगतील’ हे उत्तर चालणार नाही.

म्हणून पहिलं काम हे करा, की मालकांकडे परत जा आणि तीन गोष्टी ठरवून घ्या. खरेदी, नियोजन, उत्पादन, स्टोअर या प्रत्येक विभागातून एक माणूस आठवड्याचे काही तास या कामाला मिळेल का? एखाद्या विभागाची पद्धत बदलावी लागली आणि तो विभाग नाही म्हणाला, तर निर्णय कोण देणार? आणि मालक स्वतः महिन्यातून एकदा तासभर बसून कुठवर आलो ते पाहतील का? तिन्हींना ‘हो’ मिळालं तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे. न मिळालं, तर तुम्ही आणि तुमचे दोन निरीक्षक मिळून फक्त फाइली तयार कराल, आणि त्यांचा ना तुम्हाला उपयोग होईल ना ग्राहकाला.

आता सल्लागारांबद्दल. त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून तुमच्यापुढे ठेवल्यात. ‘प्रमाणपत्रही मिळवून देतो’ हे ऐकलं की सावध व्हा. आयएसओ ही संस्था मानकं तयार करते, प्रमाणपत्रं देत नाही. ती देतात स्वतंत्र सर्टिफिकेशन बॉडी, आणि त्यांच्यावर नजर ठेवतात अ‍ॅक्रेडिटेशन संस्था. या सर्टिफिकेशन बॉडींनी कसं वागावं याचंही मानक आहे, आयएसओ/आयईसी १७०२१-१. त्यानुसार त्यांनी व्यवस्था उभारणीचा सल्ला द्यायचा नाही, आणि अमुक सल्लागार घेतलात तर प्रमाणपत्र सोपं, लवकर किंवा स्वस्तात मिळेल असं सुचवायचंसुद्धा नाही. शिकवणारा आणि पेपर तपासणारा एकमेकांशी बांधलेले असतील, तर त्या प्रमाणपत्राला तुमचा ग्राहक उद्या किती किंमत देईल? ग्राहकालाच सरळ विचारा की कोणत्या अ‍ॅक्रेडिटेशनखालचं प्रमाणपत्र तुम्हाला चालतं. हा प्रश्न आज एका ओळीत सुटतो. प्रमाणपत्र हातात पडल्यावर निघाला तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

तयार संचाचा धोका याहून मोठा आहे, कारण तो लगेच दिसत नाही. समजा संचात लिहिलंय की आवक मालाच्या प्रत्येक लॉटची नमुना तक्त्याप्रमाणे मापं तपासली जातात. तुमच्याकडे मात्र कच्च्या मालाचं टेस्ट सर्टिफिकेट बघतात, व्यास मोजतात आणि गरज वाटली तर हार्डनेस घेतात. तुमची पद्धत कदाचित पुरेशी असेल. मानकात त्या तक्त्याची अट कुठेच नाही. पण ‘आम्ही असं करतो’ असं सहीनिशी लिहून ठेवलंत, की तेच तुमच्यावर बंधनकारक झालं. ऑडिटर तुमचाच कागद तुमच्यापुढे धरेल आणि एनसी (नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे अट पाळली न गेल्याची त्रुटी) देईल, आणि तो बरोबरच असेल. दुसऱ्याच्या कंपनीचे नियम विकत घेऊन त्यांत नापास व्हायची काहीच गरज नाही.

सल्लागार घ्यायचाच नाही असं मात्र नाही. मानक समजावून सांगायला, तुमच्या लोकांना इंटर्नल ऑडिट (आपल्याच माणसांनी करायची तपासणी) शिकवायला, आहे आणि हवं यातली दरी दाखवायला जाणता माणूस फार उपयोगी पडतो. लिहिण्याचं काम तेवढं त्याच्याकडे देऊ नका.

सुरुवात कुठून, हा तुमचा खरा प्रश्न. कागदापासून नको. मागच्या काही महिन्यांतली एक पूर्ण झालेली ऑर्डर निवडा, जिने त्रास दिला होता अशी असेल तर उत्तम. तिच्या पहिल्या चौकशीपासून माल गेल्यानंतरच्या तक्रारीपर्यंत, त्या वाटेने स्वतः चालत जा. प्रत्येक टेबलाशी आणि मशीनशी थांबून तेच प्रश्न विचारा. हे काम तुमच्याकडे कुठून आलं? काय करायचं हे कशावरून कळलं? झालेलं बरोबर आहे हे कशावरून ठरवता? चुकलं तर काय करता? आणि हे सगळं झाल्याची खूण कुठे राहते?

या फेरीत जे सापडेल ते कोणत्याही तयार संचात नसतं. ऑपरेटरच्या मशीनवर ड्रॉइंगची जुनी प्रत सापडेल आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेली मापं. घाईघाईने ती काढून टाकू नका. ‘हा बोअर (भोक) वरच्या मर्यादेकडे ठेवला नाही तर प्लेटिंगनंतर बसत नाही’ असं काहीतरी त्या पेन्सिलीत लिहिलेलं असतं. कंपनीचं ज्ञान जपा असं मानक म्हणतं, ते हेच ज्ञान. ते अधिकृत सेटिंग शीटवर आणा आणि मग जुनी प्रत काढा. ड्रॉइंगची नवीन रिव्हिजन, म्हणजे सुधारित आवृत्ती, ईमेलने मार्केटिंगकडे येते, तिथून नियोजनाकडे जाते, पण शॉपवरची जुनी प्रत परत घेणं कोणाचंच काम नाही, असंही कदाचित दिसेल. कोणाचा तरी स्वतःचा व्हर्निअर असेल, विश्वासाचा, पण कधीच कॅलिब्रेट न झालेला, म्हणजे अचूक मोजतो का हे न तपासलेला. पाळी बदलताना सेटिंग कुठवर आलंय हे तोंडी सांगितलं जात असेल. हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंग बाहेरून करून घेत असाल, तर तिथे जास्त वेळ द्या. या कामांचा निकाल नंतर नुसतं मोजून पूर्ण कळत नाही, प्रक्रियाच बरोबर चालली होती याची खात्री लागते. ‘ते आमचे जुने पुरवठादार आहेत’ ही खात्री होत नाही.

आणि लाल पेटीपाशी थांबा. रिजेक्ट मालाचं पुढे काय होतं ते डोळ्यांनी बघा. रीवर्क झालेला पीस पुन्हा तपासल्याशिवाय चांगल्या मालात मिसळतो का? माझ्या मते लहान कंपन्यांत सगळ्यात कच्ची जागा हीच असते, आणि ग्राहकाला सर्वांत महाग पडणारीही. दुरुस्त केलेल्या मालाची पुन्हा तपासणी करा असं मानक थेट सांगतं.

फेरी संपली की मानक हातात घ्या. मूळ प्रत विकत घ्या, कोणाचा तरी सारांश नको. चार ते दहा ही कलमं म्हणजे अटी, त्याआधीची तीन प्रस्तावनेसारखी आहेत. प्रत्येक अटीसमोर तुमची स्थिती लिहा. काही गोष्टी तुम्ही करता आणि त्यांची नोंदही राहते, त्यांना हात लावू नका. काही करता, पण खूण राहत नाही. आणि काही करतच नाही. चालू कंपनीत बहुतेक गोष्टी मधल्या गटात निघतात, म्हणजे काम चालू आहे, साक्ष नाही. नव्याने उभं करायचं ते फक्त शेवटच्या गटातलं.

कागदांबद्दल एक जुना समज अजून टिकून आहे. २००८ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल आणि सहा लेखी कार्यपद्धती सक्तीच्या होत्या. २०१५ मध्ये दोन्ही सक्ती गेल्या. व्यवस्थेची व्याप्ती, गुणवत्ता धोरण आणि उद्दिष्टं लेखी हवीत, आणि ठिकठिकाणी पुरावा म्हणून नोंदी हव्यात. बाकी किती लिहायचं हे कामाची गुंतागुंत आणि माणसांची तयारी पाहून तुम्ही ठरवायचं. वीस वर्षं तेच काम करणाऱ्या सेटरला (मशीन लावून देणाऱ्या कामगाराला) चार पानी एसओपी, म्हणजे लेखी कार्यपद्धती, कशाला? पण पहिला पीस कोणी मान्य करायचा आणि तोवर मशीन थांबवायचं की नाही, हे मात्र लिहिलेलं असलं पाहिजे.

व्याप्ती लिहिताना डिझाइनचा मुद्दा येईल. ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणेच भाग बनवत असाल, तर डिझाइनचं कलम लागू नाही असं कारण देऊन म्हणता येतं. एखादा भाग तुम्ही स्वतः विकसित करत असाल, तर म्हणता येत नाही. जोखमीच्या बाबतीत लोक शेकडो ओळींचे तक्ते बनवतात. ९००१ ला जोखमीचा विचार आणि त्यावरची कृती हवी आहे, ठरावीक गणिती पद्धतीची सक्ती नाही. कोणत्या गोष्टी बिघडल्या तर ग्राहकाला चुकीचा किंवा उशिरा माल जाईल याची प्रामाणिक, छोटी यादी पुरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक दुरुस्ती आली आहे, तिच्यानुसार हवामानबदल तुमच्या व्यवस्थेशी संबंधित आहे का हेही ठरवावं लागतं. चर्चा करा आणि निष्कर्ष नोंदवा.

उद्दिष्टं थोडी ठेवा आणि आज जे मोजता त्यातूनच निवडा. ग्राहकाकडून परत आलेले पीस, वेळेवर गेलेल्या ऑर्डरी, रीवर्कचे तास. ‘ग्राहक समाधान ९५ टक्के’ असलं काही लिहू नका. ते कशावरून काढलं हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक उद्दिष्टापुढे कोण, कधीपर्यंत, कशाच्या बळावर हे लिहिलेलं असू द्या.

वेळेचं बोलू. प्रमाणपत्राची तारीख धरून उलटं मोजलंत, की सगळ्यात महत्त्वाचा भाग कापला जातो. तो म्हणजे व्यवस्था प्रत्यक्ष चालण्याचा काळ. अंतिम ऑडिटच्या आधी नवीन पद्धतीने काम झालेलं असावं, त्याच्या नोंदी असाव्यात, सगळ्या विभागांचं इंटर्नल ऑडिट झालेलं असावं, निघालेल्या त्रुटींवर काम झालेलं असावं आणि मालकांनी मॅनेजमेंट रिव्ह्यू, म्हणजे सगळ्या व्यवस्थेचा आढावा, घेतलेला असावा. ही एक पूर्ण फेरी झाल्याशिवाय ऑडिटरला दाखवायला फक्त इरादे असतात. तुमच्याएवढ्या कंपनीला मी आठ ते दहा महिने धरीन. पहिला महिना बघण्यात, पुढचे दोन-तीन पद्धती दुरुस्त करून लिहिण्यात, त्यानंतर निदान तीन महिने नुसतं चालवण्यात, उरलेला काळ इंटर्नल ऑडिट, दुरुस्त्या आणि बाहेरच्या ऑडिटला. तीन महिन्यांत प्रमाणपत्र म्हणजे चालवण्याचा काळ शून्य. ग्राहकाची मुदत याहून जवळ असेल, तर हा आराखडा आणि सर्टिफिकेशन बॉडीकडे नोंदवलेली तारीख त्यांना आत्ताच कळवा. शेवटच्या आठवड्यात मागितलेल्या मुदतीपेक्षा आधी दाखवलेला आराखडा कधीही जास्त विश्वासाचा.

शॉपवरच्या कुरकुरीकडे आडमुठेपणा म्हणून बघू नका. ती माणसं बरोबर बोलतायत, कारण पुष्कळ ठिकाणी तसंच होतं. त्यांना तोंडी आश्वासन देऊ नका, करून दाखवा. नवीन फॉरमॅट आणायच्या आधी आत्ताच्या रजिस्टरांकडे बघा. एकच आकडा तीन ठिकाणी लिहिला जात असेल, तर दोन ठिकाणं बंद करा. एखादी नोंद भरली जाते पण कोणी वाचत नाही, असं असेल तर ती काढून टाका. मशीनवर लावायची कामाची सूचना त्या मशीनवरच्या माणसाकडून सांगून घ्या, त्याच्याच शब्दांत, एखाद्या फोटोसह, आणि खाली त्याचं नाव घाला. आपल्या नावाचा कागद माणूस पाळतो.

एका गोष्टीवर मात्र अजिबात तडजोड नको. मागच्या तारखेच्या सह्या. ऑडिटच्या आदल्या दिवशी बसून तीन महिन्यांचे चेकलिस्ट भरले गेले, की शॉपवरचा प्रत्येक माणूस ते बघतो आणि त्या दिवसापासून खऱ्या नोंदीलाही कोणी किंमत देत नाही. नोंद राहिली असेल तर रिकामी राहू द्या, का राहिली ते शोधा. रिकामी जागा ही दुरुस्त करता येणारी चूक आहे. खोटी नोंद उघडी पडली, तर ऑडिटर बाकीच्या सगळ्या कागदांकडे संशयाने बघेल.

इंटर्नल ऑडिटला तुम्ही पत्रात जागाच दिलेली नाही, आणि मला तर तो सगळ्या कामाचा गाभा वाटतो. स्वतःच्या कामाचं ऑडिट स्वतः करायचं नाही, एवढा नियम धरून स्टोअर, खरेदी, उत्पादन यांतली चार-पाच चौकस माणसं निवडा. पदाने मोठीच हवीत असं नाही. त्यांना मानकाची कलमं पाठ करायला लावू नका. एखादा जॉब उचलून त्याचा माग काढायला शिकवा, तुम्ही पहिल्या फेरीत काढलात तसाच. खरेदीच्या माणसाने शॉपचं ऑडिट केलं, की त्याला पहिल्यांदा कळतं की त्याने स्वस्तात घेतलेल्या टूलमुळे दुसऱ्या पाळीचं काय होतं. हा फायदा प्रमाणपत्राहून मोठा आहे असं मी मनापासून मानतो. पहिल्याच इंटर्नल ऑडिटमध्ये एकही त्रुटी निघाली नाही, तर आनंद मानू नका, ऑडिट पुन्हा करा.

त्रुटी निघाली की कारण शोधताना ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा, समज दिली’ हे वाक्य तुमच्या कंपनीत बंद करा. जुन्या रिव्हिजनवर माल बनला, तर बनलेला माल वेगळा करणं ही झाली तात्पुरती दुरुस्ती. जुनी प्रत परत घेण्याचं काम कोणाकडेच नव्हतं, हे कारण. ते काम नियोजनाकडे देणं आणि जुनी प्रत हातात आल्याशिवाय नवी न देणं, हा उपाय. बाकीच्या मशीनवर आणखी कुठे जुन्या प्रती आहेत का ते त्याच दिवशी बघणं, हेही त्याच कलमात येतं. मग दोन-तीन महिन्यांनी परत जाऊन उपाय टिकला का ते पाहायचं. शेवटची ही पायरी बहुतेक जण गाळतात.

पर्यावरणाचं आयएसओ १४००१ आणि सुरक्षेचं आयएसओ ४५००१ यांचा सांगाडा ९००१ सारखाच आहे, दहा कलमं त्याच क्रमाने. त्यामुळे कागदांचं नियंत्रण, इंटर्नल ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यू हे एकदाच उभारता येतं. पण सांगाडा सारखा म्हणून काम तिपटीने कमी होत नाही. १४००१ मध्ये तुमच्या कामाचे पर्यावरणावर होणारे परिणाम शोधायचे असतात, ४५००१ मध्ये धोके ओळखायचे आणि कामगारांना निर्णयात सामील करायचं असतं. कायदेशीर अटी पाळल्या जातात का याची तपासणी दोन्हींत येते. दोन निरीक्षकांच्या बळावर तिन्ही एकदम करू नका. ९००१ ची व्यवस्था अशी बांधा की बाकीच्या दोन पुढच्या वर्षी तिच्यात बसतील. मालकांना एवढं जरूर सांगा की प्रमाणपत्र थांबू शकतं, मशीनचं गार्ड आणि कायद्याची पूर्तता थांबत नाही.

आता नापास होण्याची भीती. ऑडिट दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात तयारी बघतात, म्हणजे व्याप्ती, लिहिलेलं काय, इंटर्नल ऑडिट आणि रिव्ह्यू होतायत का. दुसऱ्या टप्प्यात काम प्रत्यक्ष तसं चालतं का ते बघतात. दोन्हींमध्ये काही आठवडे ठेवा, पहिल्यात निघालेलं सुधारायला. दुसऱ्यात किरकोळ एनसी निघाल्या, तर कारण आणि उपायाचा आराखडा मान्य व्हावा लागतो. मोठी एनसी, म्हणजे व्यवस्थेच्या मूळ हेतूलाच बाधा आणणारी, निघाली तर ती दुरुस्त करून पडताळली गेल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. त्यासाठी सहा महिने असतात. त्यात पडताळणी झाली नाही तर दुसरा टप्पा पुन्हा. वाईट, पण शेवट नव्हे.

ऑडिटरशी बोलताना काय बोलायचं याची तालीम घेऊ नका. धोरणाची वाक्यं पाठ करून घेणं तर नकोच. आपण काय करतो, बरोबर आहे हे कसं कळतं, चुकलं तर कोणाला सांगतो, एवढं प्रत्येकाला आपल्या शब्दांत सांगता यावं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, इथे बघून सांगतो’ म्हणावं. हे पूर्ण चालणारं उत्तर आहे.

प्रमाणपत्राचं चक्र तीन वर्षांचं असतं, मधल्या काळात दर कॅलेंडर वर्षात निदान एक सर्व्हेलन्स ऑडिट (व्यवस्था चालू आहे ना याची बाहेरची तपासणी), आणि पहिलं प्रमाणपत्राच्या निर्णयापासून बारा महिन्यांच्या आत. मार्केटिंगला आधीच सांगून ठेवा की प्रमाणपत्राचं चिन्ह मालावर छापायचं नाही, कारण प्रमाणित झालेली असते व्यवस्था, तो भाग नव्हे. आणि दुसऱ्या वर्षाचं इंटर्नल ऑडिटचं वेळापत्रक पहिल्या वर्षीच मालकांच्या सहीने लावून घ्या. त्यात तुमच्या गुणवत्ता विभागाचं ऑडिट स्टोअरच्या माणसाकडे द्या.